पनवेलचा उकाडा आणि हिमालयातला बर्फ

‘इथे स्वेटर कपाटाबाहेर निघाला नाही, आणि हवामान खाते म्हणते हिमालयात जोरदार बर्फ पडणार!’ पनवेलमध्ये हे वाक्य ऐकण्यासाठी फार फिरावे लागत नाही. हिवाळा जरा सौम्य गेला की ते वडाळे तलावाभोवती सकाळी चालणाऱ्यांत ऐकू येते, लोकलच्या डब्यात ऐकू येते, आणि काश्मीर-मनालीच्या सहली विकणाऱ्यांच्या टेबलापाशी तर हमखास ऐकू येते. गिऱ्हाईक विचारते, ‘बर्फ मिळेल का?’ आणि समोरचा खिडकीबाहेरच्या उन्हाकडे पाहून उत्तर देतो. ऐकणारे हसतात आणि विषय संपतो. पण या हशामागे हिमालयाविषयीचा एक अख्खा सिद्धान्त दडलेला आहे, आणि तो चुकीचा आहे. लोक त्यावर पैसे, रजा आणि क्वचित जीवही लावतात, म्हणून त्याचा समाचार घेणे भाग आहे.

पूर्वपक्ष प्रामाणिकपणे मांडायचा तर तो असा. कोकणातली थंडी कोकणाची नव्हे, उत्तरेची. हिमालयात बर्फ पडला की तिकडचे गार वारे राजस्थान-गुजरात ओलांडून इथवर पोहोचतात. मग पहाटे गाढी नदीवर धुके तरंगते, वालाच्या शेंगा भरतात, शेतात पोपटीची मडकी लागतात, आंब्याला मोहोर धरतो. ज्या वर्षी यातले काहीच धड होत नाही, त्या वर्षी उगमातच खोट असली पाहिजे. सबब, उबदार पनवेल हा बर्फहीन हिमालयाचा पुरावा होय. याला जोडून दुसरा आक्षेप येतो. खाते महिन्याच्या तोंडावर सांगते की महिना सरासरीहून उष्ण आणि कोरडा जाईल, आणि त्याच महिन्यात बर्फवृष्टीचा इशाराही देते. दोन्ही एकदम खरे कसे असेल? काहीही घडले तरी आपलेच खरे ठरावे, अशी ही सोय नव्हे काय? तिसरा आक्षेप खास महाराष्ट्राचा आहे. महाबळेश्वरला वेण्णा तलावाकाठी गवतावर आणि गाड्यांच्या टपांवर ‘बर्फ’ साचल्याची छायाचित्रे छापून येतात. त्याच दिवशी वेधशाळेचा किमान तापमानाचा आकडा मात्र शून्याच्या कितीतरी वर असतो. ज्यांना सातारा जिल्ह्यातला बर्फ दिसत नाही, त्यांनी चमोली जिल्ह्यातल्या बर्फाचे भाकीत करावे?

हे म्हणणारे अडाणी नाहीत. त्यांत निवृत्त अभियंते आहेत, आंब्याचे बागायतदार आहेत, वीस-वीस वर्षे हिमालयात माणसे नेणारे सहलवाले आहेत. त्यांचे निरीक्षणही पोकळ नाही. उत्तरेकडचा वारा कोकण गारठवतो, हे शंभर टक्के खरे. २२ जानेवारी १९६२ रोजी सांताक्रूझला पारा ७.४ अंशांपर्यंत उतरला होता. अरबी समुद्रावरून येणारा वारा असले आकडे दाखवू शकत नाही. तेव्हा माझा वाद निरीक्षणाशी नाही. वाद त्यातून काढलेल्या निष्कर्षाशी आहे.

पहिली चूक घटनांच्या क्रमाची आहे. हिमालयात हिवाळ्यात पडणारा बहुतेक बर्फ पश्चिमी झंझावातांमुळे पडतो. भूमध्य समुद्राकडून निघालेली ही वादळी प्रणाली वरच्या थरांतल्या पश्चिमी वाऱ्यांबरोबर इराण, अफगाणिस्तान, पाकिस्तान असा प्रवास करीत येते. वाटेत तिला कॅस्पियन समुद्र आणि पुढे अरबी समुद्रही बाष्प पुरवतात. पिशारोटी आणि देसाई या भारतीय हवामानशास्त्रज्ञांनी १९५६ मध्येच या झंझावातांवर विवेचन केले होते, म्हणजे हा विषय काल-परवाचा नव्हे. असा झंझावात जवळ येतो तेव्हा उत्तर भारतातला गार, कोरडा उत्तरेचा वारा आधी मोडतो. वारे दक्षिणेकडे किंवा पूर्वेकडे वळतात, ढग येतात, आणि ढगांच्या पांघरुणाखाली रात्री उबदार होतात. बर्फ पडतो तो या काळात. झंझावात पुढे सरकला की त्याच्या पाठीमागून उत्तरेचा वारा पुन्हा मोकळा सुटतो, आकाश निवळते, पारा घसरतो, आणि ती लाट जोरकस असेल तर काही दिवसांनी कोकणापर्यंत येऊन पोहोचते.

क्रम नीट पाहा. आधी ऊब, मग बर्फ, मग थंडी. पनवेलला जाणवते ती शेवटची पायरी, आणि तीही प्रत्येक वेळी नाही. म्हणजे वर बर्फ पडत असतो तेव्हा पनवेल गार असण्याचे काही कारणच नसते. पनवेलकर जी थंडी बर्फाची पूर्वसूचना समजतो, ती बर्फ पडून गेल्याची पोच असते. पावती पाहून कुणी माल येणार असे म्हणत नाही.

शिवाय पनवेलच्या पाऱ्यावर घरचेच दोन धनी हक्क सांगतात. पश्चिमेला खाडी आणि समुद्र, पूर्वेला माथेरान-प्रबळगडाचे डोंगर आणि त्यामागे घाटमाथा. दुपारी समुद्रवारा वेळेवर आला तर हवा सुसह्य. पूर्वेचा जमिनीवरचा वारा जोरात असेल तर तो समुद्रवाऱ्याला अडवतो, आणि सह्याद्री उतरताना दाबला जाऊन किलोमीटरमागे सुमारे दहा अंशांनी तापतो. दोन्ही वाऱ्यांत चुरस लागलेली असते आणि दोन तासांच्या उशिराने पारा कुठल्या कुठे जातो. चौदाशे-पंधराशे किलोमीटर दूरच्या पर्वतात काय चालले आहे याची साक्ष देण्यासाठी याहून गैरसोयीचे ठिकाण शोधूनही सापडायचे नाही.

आता प्रत्यक्ष पुरावा. २०२५ चा फेब्रुवारी घ्या. हवामान खात्याच्या नोंदींनुसार देशाच्या सरासरी तापमानाच्या हिशेबात १९०१ पासूनचा हा सर्वांत उष्ण फेब्रुवारी. त्याआधीचा जानेवारीही असाच उबदार आणि उत्तरेत कोरडा गेला होता. गुलमर्गला होणाऱ्या ‘खेलो इंडिया’ हिवाळी स्पर्धा बर्फाअभावी पुढे ढकलाव्या लागल्या होत्या. इकडे २५ आणि २६ फेब्रुवारीला मुंबई, ठाणे आणि रायगडला उष्णतेच्या लाटेचा इशारा होता. किनारपट्टीवर हा इशारा सहज निघत नाही. त्यासाठी पारा निदान ३७ अंश आणि सरासरीहून साडेचार अंश वर असावा लागतो. सांताक्रूझने ३८ अंश ओलांडले. पनवेलमध्ये त्या दुपारी कुणाला हिमालयात बर्फ पडेल का असे विचारले असते, तर काय उत्तर मिळाले असते?

त्याच आठवड्यात जम्मू-काश्मीर, हिमाचल आणि उत्तराखंडसाठी जोरदार पाऊस आणि बर्फवृष्टीचा इशारा जारी झालेला होता. तो खरा ठरला. २७ फेब्रुवारीला संरक्षण संशोधन संस्थेच्या चंडीगडच्या हिमस्खलनविषयक प्रयोगशाळेने चमोली, उत्तरकाशी, रुद्रप्रयाग, पिथोरागड आणि बागेश्वर या जिल्ह्यांतल्या उंच भागांसाठी हिमस्खलनाचा इशारा दिला. २८ फेब्रुवारीला सकाळी बद्रीनाथजवळ माणा येथे सीमा रस्ते संघटनेच्या कामगारांच्या छावणीवर कडा कोसळावा तसा बर्फ आला. ५४ कामगार सापडले. ४६ जणांना वाचवण्यात यश आले, आठ जण दगावले.

शतकातल्या सर्वांत उष्ण फेब्रुवारीचा तो शेवटचा दिवस होता. कोकणातल्या उष्म्याने हा बर्फ आणला, असे मी मुळीच म्हणत नाही. तसे म्हटले तर मीही माझ्या प्रतिपक्षाच्याच वाटेने गेलो. मी एवढेच म्हणतो की एकावरून दुसऱ्याचे अनुमान निघत नाही. त्या आठवड्यात ज्याने पनवेलवरून हिमालय ओळखला तो चुकला. ज्याने हवामान खात्याचा इशारा वाचला तो चुकला नाही. गुलमर्गच्या ज्या स्पर्धा बर्फ नाही म्हणून थांबल्या होत्या, त्या पुढे ९ ते १२ मार्चदरम्यान झाल्या. नव्या बर्फावर!

यावर प्रतिपक्ष म्हणेल, पनवेल सोडा, पण थंडी असेल तरच बर्फ पडतो, हे तरी मान्य कराल? नाही. हेही जसेच्या तसे मान्य करता येत नाही. बर्फासाठी थंडी हवी. पण नुसती थंडी म्हणजे बर्फ नव्हे. लेहला जानेवारीच्या रात्री पारा उणे चौदा-पंधरापर्यंत सहज जातो, आणि तिथे वर्षभरात पाऊस आणि बर्फ मिळून पाण्याची उंची शंभर मिलिमीटरच्या आसपास भरते. पनवेलमध्ये जुलैतल्या एका मुसळधार दिवसात याहून जास्त पाणी पडते. थंडीनेच बर्फ पडत असता तर लडाख बर्फाखाली गाडला गेला असता. तो शीत वाळवंट आहे.

कारण साधे आहे. हवा जितकी गार तितकी तिची बाष्प धरण्याची ताकद कमी. शून्य अंशाला हवेत जेवढी वाफ मावते, तिच्या साधारण सहावा हिस्साच उणे वीस अंशाला मावतो. एकेका अंशाने ही क्षमता सुमारे सात टक्के बदलते. म्हणून मोठ्या हिमवृष्टीचे दिवस हे बहुधा कडाक्याचे नसतात. ते शून्याच्या आसपासचे, ढगाळ, दमट दिवस असतात. काश्मिरी माणसाला हे पुस्तकातून शिकावे लागत नाही. चिल्लई कलानच्या चाळीस दिवसांत आकाश भरून आले आणि रात्रीचा बोचरेपणा कमी झाला की तो फावडे हाताशी ठेवतो.

श्रीनगरचा २०२४ चा डिसेंबर हा याचा नमुना आहे. २१ डिसेंबरच्या पहाटे तिथे पारा उणे ८.५ अंशांवर आला. डिसेंबरमधली पन्नास वर्षांतली सर्वांत थंड रात्र. दल सरोवराच्या कडा गोठल्या, नळ गोठले. बर्फ? शहरात पडला नाही. आकाश निरभ्र होते, म्हणून तर रात्र एवढी गार झाली. आठवड्याभरात झंझावात आला, रात्रीचे तापमान कितीतरी अंशांनी वर चढले, आणि २७-२८ डिसेंबरला शहराने मोसमातला पहिला मोठा बर्फ पाहिला. महामार्ग ठप्प झाला, पर्यटक अडकले. उणे साडेआठला कोरडे, आणि पारा चढल्यावर पांढरे. ‘थंडी तेवढा बर्फ’ या सूत्राने हे आठ दिवस समजावून दाखवावेत, असे माझे आव्हान आहे.

तर मग उबदार हिवाळ्याचा बर्फावर परिणामच होत नाही काय? होतो. पण तो उंची पाहून होतो, आणि वादाचा खरा गाभा इथे आहे. हवेत वर जाताना किलोमीटरमागे साधारण साडेसहा अंश तापमान उतरते. हिवाळा सरासरीपेक्षा दोन अंशांनी उबदार असेल, तर पाऊस आणि बर्फ यांच्यातली सीमारेषा तीनेकशे मीटर वर सरकते. ज्यांची गावे या रेषेच्या काठावर आहेत त्यांचे सगळे गणित बदलते. मसुरी सुमारे दोन हजार मीटरवर, शिमला बावीसशेच्या आसपास. तिथे एका अंशाने बर्फाचा पाऊस होतो आणि माल रोडवर नुसता चिखल उरतो. पण माणा बत्तीसशे मीटरवर आहे. गुलमर्गचे मैदान साडेसव्वीसशेवर, आणि तिथला वरचा रोपवे जवळजवळ चार हजार मीटरपर्यंत जातो. तिथे जानेवारीत उणे दहाऐवजी उणे आठ झाले, तर पडायचे ते बर्फ म्हणूनच पडणार. दोन अंशांची ऊब तिथे बर्फाला अडवत नाही. उलट ढगात थोडे जास्त बाष्प देऊन जाते.

आणखी एक बारकावा आहे. कोरड्या हवेतून पडताना हिमकणांभोवतीचे पाणी उडून जाते आणि ती हवा स्वतःच गार होते. ओल्या फडक्याने गुंडाळलेला थर्मामीटर जे तापमान दाखवतो ते शून्याच्या जवळ असेल, तर साध्या थर्मामीटरवर अधिक दोन अंश असतानाही बर्फ जमिनीपर्यंत पोहोचतो. म्हणून अंदाजकर्ता नुसते ‘आज किती तापमान’ असे विचारत नाही. शून्य अंशाची पातळी किती उंचीवर आहे, खालच्या थरांत हवा किती कोरडी आहे, झंझावात किती बाष्प घेऊन येतो आहे आणि डोंगराच्या कुठल्या अंगाला तो आदळणार आहे, हे त्याचे प्रश्न असतात. त्याच्या कागदावर पनवेलच्या स्वेटरला रकाना नाही.

इथून दुसऱ्या आक्षेपाकडे वळणे सोपे जाते. महिना उष्ण आणि कोरडा, आणि आठवडा बर्फाचा. विरोध कुठे आहे? एक विधान अठ्ठावीस दिवसांच्या सरासरीबद्दल आहे, दुसरे तीन-चार दिवसांच्या घटनेबद्दल. हे रायगडच्या माणसाला तरी समजावून सांगावे लागू नये. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला आणि आपल्या जिल्ह्यातल्या महाड तालुक्यात दरडींखाली गावे गेली. त्या दिवसाचे मोल कुणी मोसमाच्या सरासरीवरून ठरवले का? सरासरी जवळपास गाठणाऱ्या मोसमातही असा एक दिवस येतो आणि कोरड्या मोसमातही येऊ शकतो. २०२५ च्या फेब्रुवारीबद्दल महिन्याच्या तोंडावर दिलेला अंदाज हाच होता की तापमान सरासरीहून जास्त आणि पाऊस कमी राहील. तसेच झाले. शेवटच्या आठवड्यातल्या बर्फाचा इशाराही वेगळा दिलेला होता. तेही झाले. दोन प्रश्न, दोन उत्तरे, दोन्ही बरोबर. याला दोन्ही डगरींवर हात ठेवणे म्हणायचे असेल, तर न्यायाधीशाच्या जागी बसलेल्या वाचकाने त्यातली कुठली डगर खोटी होती ते सांगावे.

आकडे मोठ्या पटावर पाहिले तरी हेच दिसते. काठमांडूच्या ‘इसिमोड’ संस्थेने २०२५ च्या हिवाळ्याचा आढावा घेतला तेव्हा हिंदुकुश-हिमालयात बर्फ जमिनीवर टिकण्याचे प्रमाण सरासरीपेक्षा २३.६ टक्क्यांनी कमी भरले. तेवीस वर्षांतला नीचांक. हिवाळा गरीब होता, यात वाद नाही. पण गरीब हिवाळ्यातला बर्फ निरुपद्रवी असतो, असे कुणी सांगितले? उलट सुरुवातीला बर्फाचा पातळ थर पडून राहिला आणि वर निरभ्र, गार रात्री गेल्या, तर त्या थराच्या तळाशी साखरेसारखे सुटे दाणे तयार होतात. त्यांना एकमेकांना धरून ठेवण्याची ताकद नसते. त्यावर एकदम जड नवा बर्फ आला की वरचा थर घसरायला निमित्तच हवे असते. जगभरचे हिमस्खलनतज्ज्ञ हिवाळ्याच्या कोरड्या सुरुवातीला घाबरतात ते यामुळे. २०२४ चा जानेवारीही गुलमर्गला जवळजवळ उघडाबोडका गेला होता. पर्यटक तपकिरी मैदानांची छायाचित्रे टाकत होते. फेब्रुवारीत बर्फ आला, आणि २२ तारखेला खिलनमर्गच्या बाजूला हिमस्खलन होऊन एका परदेशी स्कीपटूचा जीव गेला. ‘यंदा बर्फच नाही’ म्हणून बेफिकीर राहण्याचा हा काळ नव्हता.

महाबळेश्वरच्या दाखल्याला मात्र मला थोडा वेळ द्यायचा आहे. तो मला अतिशय आवडतो आणि त्याचा इतका गैरवापर होतो की राहवत नाही. वेण्णा तलावाकाठी पहाटे जे दिसते ते खरे असते. स्ट्रॉबेरीच्या वाफ्यांवर, गवतावर, बोटींच्या धक्क्याच्या फळ्यांवर पांढरा थर येतो. तो बोटाने खरवडता येतो. पण तो आकाशातून पडलेला नसतो. निरभ्र, निवांत रात्री जमीन आपली उष्णता मोकळ्या आकाशाकडे सोडते. गवताचे पाते आणि गाडीचा पत्रा हवेपेक्षा लवकर गार होतात. सखल भागात जड गार हवा साचते. तलावाच्या काठी दव भरपूर. मग ते दव गोठते, किंवा वाफ सरळ पात्यावरच गोठून बसते.

वेधशाळेचा थर्मामीटर यात खोटा पडतो का? तो जमिनीपासून सुमारे सव्वा मीटर उंचीवर, झडपांच्या पांढऱ्या पेटीत असतो. जगात सगळीकडे असाच असतो, नाहीतर पुण्याची तुलना पॅरिसशी करता आली नसती. त्या उंचीवर हवा सात-आठ अंश असताना खाली तलावाकाठचे गवत शून्यावर जाऊ शकते. म्हणून तर वेधशाळा गवतालगतचे किमान तापमान वेगळे मोजतात. छायाचित्र खरे, आकडाही खरा. दोन वेगळ्या उंचींची ती दोन तापमाने आहेत.

आणि आता गंमत पाहा. हे दहिवर पडायला आकाश निरभ्र लागते, वारा पडलेला लागतो. बर्फ पडायला ढग लागतात, हवा वर चढावी लागते. एकाची अट ती दुसऱ्याची अडचण. ज्या रात्री वेण्णा तलावाकाठी गवत पांढरे होते, त्या रात्री तिथे हिमवृष्टी होणे शक्यच नसते. माझ्या प्रतिपक्षाने खात्याच्या बर्फविषयक अज्ञानाचा म्हणून जो पुरावा आणला, तो ‘थंडी म्हणजे बर्फ’ या त्याच्याच सूत्राच्या विरोधात साक्ष देतो. तिथे थंडी आहे, पांढरा थर आहे, आणि बर्फ पडलेला नाही. एकंदर हिवाळा उबदार असला तरी अशा दोन-चार रात्री येऊन जातात. त्यावरून हिवाळा कडक होता असेही सिद्ध होत नाही.

आता खात्याची बाजू घेताना त्याच्या उण्या बाजू झाकणे मला शोभणार नाही. महिन्याचे आणि मोसमाचे अंदाज चुकतात, आणि कधी ठळकपणे चुकतात. २०२४ चा जानेवारी वायव्य भारतासाठी १९०१ नंतरच्या सर्वांत कोरड्या जानेवारींपैकी एक ठरला. वर्षाच्या आरंभीच्या अंदाजात त्याची चाहूल नव्हती. एखाद्या विशिष्ट दरीत नेमके किती सेंटिमीटर साचेल, हे सांगणेही अवघडच. एक सेंटिमीटर पाण्याचा साधारण दहा सेंटिमीटर बर्फ होतो असे ठोकताळ्याने धरतात, पण ओल्या बर्फात हे प्रमाण बरेच खाली येते आणि कोरड्या, भुरभुरीत बर्फात बरेच वर जाते. डोंगराळ मुलखात रडारच्या किरणांना शिखरे आडवी येतात. म्हणूनच बनिहालच्या माथ्यावर, हिमाचलमधल्या जोतला, उत्तराखंडात सुरकंडा देवीला अशी उंचावरची रडार केंद्रे गेल्या काही वर्षांत उभी राहिली. तीन महिने आधीच्या अंदाजावर लग्नाची तिथी ठरवू नये, हे मी स्वतः सांगेन. पण तीन महिन्यांचा अंदाज कच्चा, म्हणून तीन दिवसांचाही कच्चा, हे कुठले तर्कशास्त्र?

शेवटी ‘अनुभवा’चा मुद्दा. ‘आम्ही तीस हिवाळे पाहिले आहेत’ असे सांगितले जाते. अनुभवाला मी नमस्कार करतो, पण एका साहेबाची गोष्ट सांगतो. १८७५ मध्ये हवामान खाते निघाले, त्याचे पहिले प्रमुख हेन्री ब्लॅनफर्ड. लगेच १८७६-७८ चा भीषण दुष्काळ आला आणि त्यात आपल्या दख्खनचे अतोनात हाल झाले. पाऊस आधी सांगता येईल का, हा प्रश्न सरकारने खात्यापुढे टाकला. ब्लॅनफर्डने हिमालयातल्या बर्फाच्या नोंदी तपासल्या आणि जास्त बर्फानंतर पुढचा मोसमी पाऊस कमी पडतो असा संबंध मांडला. १८८२ ते १८८५ या काळात त्यावर प्रायोगिक अंदाज बेतले, आणि १८८६ पासून ते रीतसर निघू लागले. सुरुवातीला ते जमले. पुढे हा संबंध एकट्याने पुरेना. ब्लॅनफर्डनंतर काही वर्षांनी आलेल्या गिल्बर्ट वॉकरला अंदाजासाठी जगभरच्या हवादाबाच्या नोंदी पालथ्या घालाव्या लागल्या. १९२८ मध्ये खात्याचे मुख्यालय शिमल्याहून पुण्यात आले. शिवाजीनगरच्या चौकातली ती दगडी इमारत पुणेकर आजही ‘शिमला ऑफिस’ म्हणूनच ओळखतात. बर्फाच्या नोंदींचा आणि महाराष्ट्राच्या पोटाचा संबंध असा जुना आहे. तो सहलींपुरता नाही.

ब्लॅनफर्डकडे मोजमापे होती, तारखा होत्या, शेकडो मैलांवरून आलेले अहवाल होते. तरीही एका धाग्यावर टांगलेले त्याचे अनुमान कालांतराने अपुरे ठरले, आणि शास्त्राने ते मान्य करून पुढची वाट धरली. मग कपाटातल्या स्वेटरवर टांगलेल्या अनुमानाला किती वजन द्यायचे?

प्रतिपक्षाला माझे एक निमंत्रण आहे. कोणतेही तीन हिवाळे निवडावेत, निवड त्यांचीच. एका रकान्यात पनवेल परिसरातले रोजचे किमान तापमान लिहावे, दुसऱ्यात गुलमर्गला बर्फ पडला त्या तारखा, तिसऱ्यात खात्याने चार दिवस आधी दिलेला इशारा. मग पहिल्या रकान्यावरून दुसरा ओळखता येतो की तिसऱ्यावरून, हे मोजावे. निकाल काहीही लागो, तो छापण्यासाठी माझा आग्रह राहील. अट एकच आहे. थंडीच्या तारखा आणि बर्फाच्या तारखा आपल्या सोयीने मागेपुढे सरकवायच्या नाहीत.